पाणी वरून आलं की खालून? वॉरंटी नाकारलेल्या गाडीचं एक प्रकरण

"पाणी गेलंय, वॉरंटीत नाही बसत." पावसाळ्यात मुंबईतल्या कुठल्याही सर्व्हिस सेंटरमध्ये हे वाक्य दिवसातून कितीतरी वेळा ऐकू येतं, आणि बहुतेक गाडीवाले ते ऐकून गप्प बसतात. गप्प बसायचं खरं तर काही कारण नाही. इलेक्ट्रॉनिक्समध्ये पाणी सापडलं म्हणजे तपास सुरू झाला, संपला नाही. ते पाणी आत आलं कुठून, हे कळल्याशिवाय वॉरंटी लागू होते की नाही याचा निकाल लागूच शकत नाही. इथे मांडलेलं प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत याच एका प्रश्नाभोवती फिरलं.

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर होतो, आता निवृत्त आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्यानंतर आम्ही लोक नुसत्या बुडालेल्या गाड्याच बघत होतो. पाणी कुठून आलं हे तेव्हा कुणी विचारत नव्हतं, कारण सीटच्या कडेला चिखलाची रेघच असायची. शिवाय त्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स बेताचंच. आता सनरूफ मध्यम किमतीच्या गाड्यांतही आलंय. काचा, वायपर, हॉर्न, इंडिकेटर, सेंट्रल लॉक, चावीची ओळख पटवणं, हे सगळं बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाच्या एका डब्यातून चालतं. आणि हा डबा बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डखाली कोपऱ्यात असतो, म्हणजे छतावरचं पाणी खांबाच्या आतून उतरलं तर नेमकं जिथे पोचेल तिथे.

काय घडलं

गाडी मुलुंड पूर्वेच्या एका शिक्षिकेची. आमच्याच सोसायटीतल्या आहेत, मला काका म्हणतात. छोटी एसयूव्ही, सनरूफवाली, १३ लाखांच्या आसपासची. वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर. त्यातली अडीच वर्षं सरलेली आणि गाडी जेमतेम २१ हजार फिरलेली. पहिले दोन पावसाळे ती खालच्या पार्किंगमध्ये, डोक्यावर स्लॅब असलेल्या जागी उभी असायची. यंदा पार्किंगची सोडत पुन्हा निघाली आणि ताईंच्या वाट्याला वरच्या पोडियमची उघडी जागा आली. जमिनीपासून दोन मजले वर, शेजारच्या प्लॉटमधल्या गुलमोहराच्या फांद्यांखाली. पोडियमला पाणी वाहून जायला ढाळ दिलेला आहे, त्यामुळे गाडी तोंडाकडे आणि किंचित उजवीकडे कललेली राहते. हा ढाळ पुढे कामाला येणार आहे.

जुलैत दोन दिवस पाऊस झोडपत होता. दुसऱ्या रात्री वॉचमनने इंटरकॉमवर उठवलं : "मॅडम, तुमची गाडी आपोआप हॉर्न मारतेय." वायपर आपले आपण फिरत होते, उजवीकडची काच अर्धी उतरली होती, लॉक खटाखट लागत-उघडत होतं. स्टार्टचं बटण दाबलं तर गाडी म्हणे चावीच सापडत नाही. सकाळी फ्लॅटबेडवर घालून गाडी ठाण्याच्या बाजूच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेली.

तिथे पहिला घोळ झाला, आणि तो कागदावर झाला. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने सहज विचारलं, "काल पाऊस जोरात होता ना तुमच्याकडे?" ताई म्हणाल्या, "तुफान होता." त्याने जॉब कार्डवर ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात टाइप केलं : पाणी साचलेल्या ठिकाणी उभी असल्याने गाडी बंद. टॅबवर सही घेतली. शाळेची घाई, ताईंनी वाचलं नाही. त्या रकान्यात ग्राहकाचं म्हणणं असतं, अ‍ॅडव्हायझरचा अंदाज नव्हे. पण एकदा सही झाली की तो अंदाज ग्राहकाच्या तोंडी बसतो. नंतरच्या प्रत्येक पत्रात कंपनीने हीच ओळ दाखवली. ताईंनी त्याच संध्याकाळी ईमेल करून आपण प्रत्यक्ष काय सांगितलं आणि गाडी कुठे उभी होती ते लिहून कळवलं, म्हणून निभावलं. आठवड्याने लिहिलं असतं तर ती पश्चातबुद्धी वाटली असती.

दोन नकार

सर्व्हिस सेंटरने १ लाख २६ हजारांचं एस्टिमेट दिलं : नवीन बीसीएम, डॅशबोर्डचं वायरिंग, आतला फ्यूज बॉक्स, चाव्यांचं कोडिंग आणि मजुरी. वॉरंटीचं विचारल्यावर तोंडी नकार. लेखी मागितल्यावर दोन ओळींची ईमेल आली : आतील इलेक्ट्रॉनिक भागांत पाणी आढळले, हे बाह्य कारण असून वॉरंटीच्या कक्षेबाहेर आहे. सोबत तोंडी सल्ला : "इन्शुरन्समध्ये टाका मॅडम, सगळे तेच करतात."

टाकला. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, कार्पेट उचललं, सीटचे रूळ बघितले, सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याची खालची टोकं तपासली, स्टेपनीची खाच पाहिली. कुठेही गाळ नाही, पाण्याची रेघ नाही, इंजिनचा भाग कोरडा. त्याने लिहिलं : पूर वा पाणी तुंबल्याची खूण नाही, बिघाड विद्युत स्वरूपाचा. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत पूर, वादळ, जलप्रलय यांनी झालेलं नुकसान भरून मिळतं. यांत्रिक किंवा विद्युत बिघाड आणि झीज मात्र वगळलेली असते. दावा नामंजूर.

ताई वैतागून आल्या. "काका, एक म्हणतो बाहेरचं पाणी, दुसरा म्हणतो बाहेरचं काही घडलंच नाही. मी करू काय?"

मला मात्र ते दुसरं पत्र वाचून बरं वाटलं. दोन नकार एकाच वेळी पूर्ण खरे असू शकत नव्हते. विम्याच्या सर्व्हेअरने, ज्याला या भांडणात कंपनीची बाजूही घ्यायची नव्हती आणि ताईंचीही नाही, लिहून दिलं होतं की पाणी खालून आलेलं नाही. वॉरंटी पुस्तिकेतल्या वगळणुकीचा सगळा भार पूर आणि तुंबलेल्या पाण्यावर होता. ते कारण गळालं की कंपनीला दुसरं शोधणं भाग. त्यामुळे विम्याच्या नकाराविरुद्ध विमा लोकपालाकडे जायचा विचार आम्ही सोडून दिला. दावा मंजूर झाला असता तरी ताईंचा २५ टक्क्यांचा नो क्लेम बोनस गेला असता, घसारा कापला गेला असता, आणि मूळ दोष गाडीत तसाच राहिला असता.

गाडी उघडली तेव्हा

गाडीत पाणी शिरण्याच्या वाटा मोजक्या असतात, आणि प्रत्येक वाट आपली खूण ठेवते. रस्त्यावरचं पाणी दाराच्या सीलमधून आणि तळाच्या बुचांतून येतं. ते गढूळ असतं, खालपासून वर चढतं आणि गाळ मागे ठेवतं. एसीचा पाइप तुंबला तर स्वच्छ पाणी ब्लोअरच्या खाली पायाशी जमतं. समोरच्या काचेखाली वायपरपाशी जी जाळी असते तिथे पाला साचला तर पाणी हवेच्या वाटेने आत येतं आणि केबिन फिल्टर भिजतो. सनरूफची गोष्ट वेगळी. बंद सनरूफ पूर्ण पाणीबंद नसतंच, तसं ते बनवलेलंही नसतं. काचेच्या कडेने थोडं पाणी आत येणार हे गृहीत धरून खाली पन्हळ दिलेली असते आणि तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांच्या आतून गाडीखाली सोडलेल्या असतात. नळी वाहती आहे तोवर कुणाला पत्ताही लागत नाही.

संयुक्त तपासणीची मागणी आम्ही लेखी केली आणि दोन अटी घातल्या : तोपर्यंत बीसीएम काढायचं नाही, आणि बॅटरी सोडवण्याआधी स्कॅनरचा रिपोर्ट छापून द्यायचा. गाडीच्या मॉड्यूलांत नोंदलेले बिघाडाचे कोड एकदा पुसले की गाडीची साक्ष गेली. रिपोर्टमध्ये यू०१४० होता, म्हणजे बीसीएमशी संपर्क तुटल्याचा कोड, आणि उजव्या बाजूच्या दारांचे कोड. इंजिनचा एकही नाही.

तपासणीला वर्क्स मॅनेजर, कंपनीचा एरिया सर्व्हिसचा माणूस, ताई आणि मी. मी फक्त पाण्याची एक बाटली मागितली. सनरूफ उघडून पन्हळीच्या डाव्या पुढच्या कोपऱ्यात धार सोडली. चार-पाच सेकंदांत डाव्या पुढच्या चाकामागे पाणी टपकायला लागलं. उजव्या कोपऱ्यात तीच धार सोडली. खाली काहीच नाही. पन्हळ भरली, पाणी काठाशी आलं आणि छताच्या कापडाआड गेलं. मग मेकॅनिकने उजव्या खांबाचं प्लास्टिक काढलं.

आत काळी रबरी नळी होती आणि तिला डॅशकॅमची वायर दोन पांढऱ्या केबल टायने बांधलेली होती. वरचा टाय इतका करकचून ओढला होता की नळी तिथे चपटी झाली होती. त्या चिमट्याच्या वर गुलमोहराच्या बारीक पानांचा आणि धुळीचा बोटभर लगदा. खांबाच्या आतल्या बाजूला तपकिरी ओघळ, तो सरळ खाली बीसीएमच्या कपलरपर्यंत, म्हणजे वायरींच्या जोडणीपर्यंत, आणि कपलर उपसल्यावर पितळी पिनांवर हिरवी बुरशीसारखी पूड. एरिया सर्व्हिसचा माणूस खाली वाकून बघत राहिला. बोलला काही नाही, फोटो मात्र काढले. आम्हीही काढले, पार्ट नंबरच्या स्टिकरसकट. कारण वॉरंटीत बदललेला जुना भाग कंपनीकडे परत जातो आणि मग दाखवायला काही उरत नाही. जाता जाता : त्याच खांबातून पडदा एअरबॅगही जाते. तिच्या वाटेत वायर बांधणं हा वेगळाच धोका, पण त्या दिवशी तो विषय मी लांबवला नाही.

डॅशकॅम कुणी बसवला? डीलरने, म्हणजे हे सर्व्हिस सेंटर ज्याचं त्यानेच, गाडी ताब्यात देण्याआधी, कंपनीच्याच अ‍ॅक्सेसरी कॅटलॉगमधला. गाडीच्या बिलासोबत त्याचं बिल होतं.

मग नवीन कारणं आली

वर्क्स मॅनेजरचं पहिलं म्हणणं : "सर, पाला साफ ठेवणं ही कस्टमरची जबाबदारी आहे." याला उत्तर गाडीतच होतं. डावी नळी त्याच गाडीची, त्याच झाडाखालची, त्याच वयाची, आणि ती वाहत होती. पाला दोन्हीकडे पडला, अडकला एकीकडेच, जिथे टाय होता तिथे. पहिले दोन पावसाळे गाडी छताखाली होती म्हणून दोष झाकला गेला. यंदा उघड्यावर आली, ढाळामुळे पन्हळीतलं सगळं पाणी पुढच्या उजव्या कोपऱ्याकडे लोटलं, आणि तीच नळी मिटलेली. शिवाय सर्व्हिसच्या वेळापत्रकात सनरूफच्या नळ्या तपासण्याची ओळ असेल तर सर्व्हिस यांनीच केलेल्या, आणि नसेल तर ग्राहकाने ते काम स्वतःहून ओळखावं ही अपेक्षा चमत्कारिक.

दुसरं म्हणणं जॉब कार्डवरचं : गाडी तुंबलेल्या पाण्यातून नेली असेल. मुंबईत हा आरोप फेकायला सोपा आणि खोडायला कटकटीचा. एरवी मुलुंडच्या टोलनाक्यावरची फास्टॅगची नोंद तरी हाताशी असायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या गाड्यांना टोलमाफी झाली आणि ती सोयही गेली. पण कंपनीच्याच कनेक्टेड अ‍ॅपमध्ये प्रवासांची यादी होती. ते दोन दिवस गाडी हललेली नव्हती. ताईंनी स्क्रीनशॉट घेऊन ठेवले. सोसायटीच्या सीसीटीव्हीत पोडियमवरची उभी गाडी आणि रात्री आपोआप लागणारे दिवे दिसत होते. जुनं चित्रण पुसलं जाण्याआधी सेक्रेटरींकडून ते काढून घेतलं, आणि भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे लागतं तसं प्रमाणपत्रही घेतलं. ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत दिवाणी कोर्टाइतका काटेकोर नसतो, तरी समोरचा वकील पहिली हरकत तिथेच घेतो. दोन मजले वर पाणी तुंबलं असं म्हणायला मग फारसा वाव राहिला नाही.

तिसरं म्हणणं मात्र वजनदार होतं, आणि ते कंपनीचं होतं : डॅशकॅम कारखान्यात बसलेला नाही, तेव्हा हा उत्पादनदोष नव्हे, डीलरचं काम डीलरने निस्तरावं. निव्वळ वॉरंटीच्या भाषेत बघितलं तर यात तथ्य आहे, हे मी ताईंना स्पष्ट सांगितलं. २०२१ मध्ये टाटा मोटर्सच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की कंपनी आणि डीलर यांचं नातं दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचं असेल, तर डीलरची चूक कंपनीला माहीत होती असं दाखवल्याशिवाय कंपनी तिला आपोआप बांधील होत नाही. म्हणून आम्ही मागणी "वॉरंटी द्या" एवढ्यावर ठेवली नाही. डीलरविरुद्ध सेवेतली त्रुटी : बसवणी चुकली, आणि नकार देताना कारण न तपासता ठोकून दिलं. कंपनीविरुद्ध : तिच्या कॅटलॉगमधली वस्तू, तिने नेमलेल्या माणसाकडून, ताबा देण्याआधीच्या तपासणीत न दिसता बसली, आणि वॉरंटीचा नकार तिच्या नावाने गेला. दोघांना एकत्र धरलं की एकमेकांकडे बोट दाखवणं त्यांच्यातच राहतं.

तक्रार, नोटीस आणि आकडा

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, आणि पाणी तुंबल्याचं कळवायला महापालिकेचा १९१६. मुंबईकराने दोन्ही पाठ करावेत असे क्रमांक आहेत. १९१५ वर तक्रार नोंदवली; कंपनीचं छापील उत्तर आलं की वॉरंटी धोरणानुसार शक्य नाही, आणि तक्रार बंद. तिथे निराश होऊ नये. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण आपण वेळेत आवाज उठवला याची तारीखवार नोंद तिथे तयार होते.

नंतर नोटीस, दोघांनाही, स्पीड पोस्टने आणि ईमेलने. ताईंना ओळखीच्या एका वकिलाने सांगितलं होतं : नवी गाडी मागा, वर १० लाख मानसिक त्रासाचे टाका, मग घाबरतात. मी विरोध केला. २००६ मध्ये मारुती उद्योगाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचं वचन असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. फुगवलेला आकडा बघून समोरचा घाबरत नाही, फाइल वकिलाकडे सरकवून मोकळा होतो. आम्ही एस्टिमेटप्रमाणे पूर्ण दुरुस्ती, टोइंगचे पैसे, गाडी नसताना झालेला रिक्षा-टॅक्सीचा खर्च आणि नोटिशीचा खर्च मागितला. सोबत विम्याच्या सर्व्हेअरचा रिपोर्ट, स्कॅनर रिपोर्ट, टायचे फोटो, डॅशकॅमचं बिल, अ‍ॅपचे स्क्रीनशॉट. पंधरा दिवसांची मुदत.

मुदतीनंतर कुठे जाणार हेही नोटिशीत लिहिलं होतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं. सर्व्हिस सेंटर ठाण्याला असलं तरी ताईंसाठी मुंबई उपनगर, म्हणजे वांद्रे पूर्व. वस्तूसाठी आपण मोजलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असला की जिल्हा आयोग, तो १० ते २० लाखांमध्ये असला तर तक्रारीला ४०० रुपये शुल्क, कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत. दोष तपासणीशिवाय कळणार नसेल तर कलम ३८ खाली आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. वकील सक्तीचा नाही. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या १९७५ पासून काम करणाऱ्या संस्थेकडे कागद दाखवून घ्यावेत, हे मी कुणालाही सांगेन.

वांद्र्याला जायची वेळ आली नाही. डीलरच्या जनरल मॅनेजरचा फोन आला. आवाज एकदम मवाळ : "मॅडम, आपण बसून बोलू."

समझोत्याचा मसुदा

आणि इथे लोक फसतात. समोरून आलेल्या मसुद्यात पहिलं वाक्य होतं : बाह्य कारणाने झालेल्या नुकसानीची दुरुस्ती केवळ सदिच्छा म्हणून करून देत आहोत. दुसऱ्या परिच्छेदात : बदललेल्या भागांना मूळ वॉरंटीचा उरलेला काळ लागू. म्हणजे जेमतेम पाच-सहा महिने. ओल लागलेल्या कपलरचा त्रास वर्षभरानेही डोकं वर काढतो, हे सर्व्हिसवाल्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. तेव्हा बाह्य कारण म्हणून सही करून दिलेला कागद त्यांच्या हातात असेल, तर ताईंकडे बोलायला काय राहणार?

पहिलं वाक्य काढायला लावलं. त्याजागी संयुक्त तपासणीत काय दिसलं ते दोन ओळींत, कुणाला दोष न देता. नवीन बीसीएम आणि वायरिंगला दुरुस्तीच्या तारखेपासून १ वर्ष. उजव्या बाजूचे ओल लागलेले कपलर स्प्रे मारून पुसायचे नाहीत, बदलायचे. पार्टचे पैसे कंपनीने सोसायचे, मजुरी, कोडिंग आणि टोइंग डीलरने. त्यांच्यातली वाटणी आम्हाला नको होती, पण त्यांनीच लिहिली. एस्टिमेट नाकारल्यावर सर्व्हिस सेंटरने रोजचं पार्किंग भाडं लावायला सुरुवात केली होती, तेही माफ. डॅशकॅम परत बसवायचा नाही, त्याचे पैसे परत.

गाडी घेताना आधी बाटलीने पाणी ओतून बघितलं, दोन्ही बाजूंनी, सही त्यानंतर. वर्क्स मॅनेजर म्हणाला, "सर, तुम्ही तर आमची पीडीआय घेताय." पीडीआय म्हणजे ताबा देण्याआधीची तपासणी. घेतलीच होती.

रिक्षा-टॅक्सीच्या खर्चावर मात्र डीलर अडून बसला : पावत्या कुठे आहेत? अ‍ॅपवरून केलेल्या टॅक्सींच्या पावत्या होत्या, रिक्षांच्या अर्थातच नव्हत्या. मी म्हटलं, सोडा ताई. त्या म्हणाल्या, "काका, पोरांना सांगते सोडू नका आणि मीच सोडू?" मग समझोत्यातले "पूर्ण व अंतिम" हे शब्द आम्ही फक्त दुरुस्तीच्या खर्चापुरते ठेवले. टॅक्सीच्या पावत्यांची बेरीज करून त्यांनी डीलरला वेगळं पत्र पाठवलंय. त्याचं उत्तर अजून यायचंय.